‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे नेमकं कोण कोणाला सांगतं?

पंचवटीकर:
माझ्या मावसबहिणीने वडिलोपार्जित द्राक्षबागेत हिस्सा मागितला. भावाने आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हक्कसोडपत्र पुढे आलं. खर्च, वेळ, मनस्ताप टाळा, हा म्हणीचा अर्थ मला कळतो. पण जमीन ज्याच्या ताब्यात, तोच ती ऐकवतो! हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याचीही अट नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केलं.

निफाडचा बागायतदार:
म्हणीला नावं ठेवू नका. आमचा दावा चार फूट बांधाचा. आजोबांनी लावला, निकाल वडिलांनी ऐकला, अपिलाच्या तारखा मी करतोय. ऑक्टोबर छाटणीला मजूर बागेत आणि मी कोर्टाच्या व्हरांड्यात. समोरचा मुदत मागतो, की पुढची तारीख. भावकीतलं जाणं-येणं तुटलं ते तुटलंच. आजोबांना ही म्हण कोणी वेळेवर ऐकवली असती, तर मी त्याचे पाय धरले असते.

गोदाकाठ:
बाबासाहेबांनी ही म्हण मानली असती तर? चवदार तळ्याचा निकाल १९३७ साली हायकोर्टातूनच मिळाला.

निफाडचा बागायतदार:
तो दावा सनातन्यांनी लावला होता. बाबासाहेब प्रतिवादी होते.

गोदाकाठ:
बरोबर, माझं चुकलं. पण मग पायरी चढायची की नाही हे दरवेळी आपल्या हातात तरी कुठे असतं?

सीबीएसचा वकील:
बांध आणि वारसा एका मापाने मोजू नका. बांधासाठी आधी सरकारी मोजणी आणावी. बहिणीचं तसं नाही. बाईला उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील मोफत मिळतो. लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत, आणि निवाड्यावर अपील नाही, म्हणजे नातवापर्यंत भांडण जात नाही. तडजोडीला मात्र दोघं राजी हवेत. आणि दाव्याची नोटीस हातात पडल्याशिवाय भाऊ बोलायला बसत नाही, हे मी रोज बघतो.

निफाडचा बागायतदार:
हे पटलं. तरी ताईंना सांगा, आधी उतारा आणि फेरफार काढा.

पंचवटीकर:
काढले. वारस म्हणून तिचं नाव कधीचंच लागलेलं आहे. तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.