कोलोराडोतील एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी नवी रायफल घ्यावी, की दुर्बीण आणि पॅक (पाठपिशवी)?

रानवाटा (प्रश्न)

नमस्कार. यंदा कोलोराडोच्या वायव्य भागातील व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात, ऑक्टोबरअखेरच्या रायफल-हंगामासाठी मला मादी एल्क आणि नर म्यूल डिअर (मोठ्या कानांचे हरीण) असे दोन परवाने मिळाले आहेत. शिकारीचे आवश्यक प्रशिक्षण मी पूर्ण केले आहे. आमचा तळ गाडीरस्त्यापासून तीन-चार मैल आत असेल आणि फिरणे 9,000 ते 10,500 फूट उंचीवर होईल. सोबत एक अनुभवी मित्र आहे.

माझ्याकडे .308 विंचेस्टर काडतुसाची, खटका हाताने ओढून भरायची (बोल्ट-ॲक्शन) रायफल आणि तिच्यावर 3-9×40 चा, म्हणजे 3 ते 9 पट मोठे दाखवणारा, साधा स्कोप (नेमाची दुर्बीण) आहे. साहित्यासाठी 3,000 डॉलर बाजूला ठेवले आहेत. पश्चिमेकडच्या मोकळ्या डोंगरांत लांबचे नेम घ्यावे लागतात असे सतत वाचनात येत असल्यामुळे अधिक जोरदार काडतुसाची .300 विंचेस्टर मॅग्नम रायफल आणि मोठा स्कोप घ्यावा, आणि उरलेल्या पैशांत दुर्बीण व पॅक बसवावा, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

देवदार

आपल्याजवळ जी रायफल आहे तीच न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोलोराडोच्या नियमानुसार एल्कसाठी किमान .24 कॅलिबर (इंचांतील व्यास), किमान 85 ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची प्रसरण पावणारी गोळी आणि 100 यार्डांवर किमान 1,000 फूट-पाउंड ऊर्जा लागते; .308 ही अट सहज पार करते. 165 ग्रेनची गोळी 200 यार्डांवर शून्य करून घेतली, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच ती लागेल असा स्कोप जुळवला, तर 300 यार्डांवर ती सुमारे 8 इंच खाली पडते. त्याच अंतरावर .300 विंचेस्टर मॅग्नमची 180 ग्रेनची गोळी सहा-साडेसहा इंच पडते. या दीड-दोन इंचांसाठी आपण जवळजवळ दीडपट धक्का, अधिक कानठळ्या बसवणारा आवाज आणि महागडी काडतुसे पत्करणार आहात. महाग काडतुसांमुळे सराव कमी होतो आणि जोरदार धक्क्यामुळे चाप ओढताना शरीर आधीच आकसते. या दोन्ही गोष्टींचे नुकसान प्राण्याला भोगावे लागते, कारण जखमी एल्क एक-दोन दऱ्या ओलांडून सहज निघून जातो.

नव्या रायफलीचे पैसे काडतुसांवर खर्च करावेत, आणि तेही बाकावरून नेमबाजी करण्यात नव्हे. पॅकवर नळी टेकवून पालथे पडून, बसून गुडघ्यांवर कोपर ठेवून, काठ्यांच्या आधाराने, आणि चढ धावून आल्यावर धाप लागलेली असताना अशा सर्व स्थितींत सराव करावा. ज्या अंतरावर या सर्व स्थितींत गोळ्या आठ इंचांच्या वर्तुळात खात्रीने बसतात, तेवढाच आपला पल्ला. बहुतेकांचा तो 300 यार्डांच्या आतच असतो आणि एल्कच्या शिकारीला तो पुरतो.

गोळी मात्र काळजीपूर्वक निवडावी. एल्कचे खांद्याचे हाड जाड असते, त्यामुळे आवरण आणि शिसे एकजीव जोडलेली गोळी किंवा संपूर्ण तांब्याची गोळी घ्यावी. तांब्याची घेतल्यास मांसात शिशाचे कण राहत नाहीत, आणि उरलेल्या आतड्यांवर येणारे गरुड-गिधाडेही वाचतात. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिसेविरहित काडतुसे सक्तीची केली, त्यामागे काँडर गिधाडांची विषबाधा हे मोठे कारण होते. कोलोराडोत सक्ती नसली तरी मी तांबेच वापरतो. फक्त तांब्याला पसरण्यासाठी वेग लागतो, म्हणून 150 ग्रेनची निवड करावी आणि आपल्या नळीतून तिचे शून्य नव्याने तपासावे.

कडेकपार

देवदार यांच्याशी सहमत आहे, आणि वाचलेला पैसा दुर्बिणीत घालावा असे आग्रहाने सुचवतो. या प्रदेशात शिकारीचा बहुतांश वेळ बसून समोरचे उतार न्याहाळण्यात जातो. जो प्राणी दिसलाच नाही, त्याच्यासाठी कोणतीही रायफल उपयोगाची नाही.

10×42 ची चांगली दुर्बीण घ्यावी. यातले 10 म्हणजे किती पट मोठे दिसते ते, आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. 42 भागिले 10 म्हणजे डोळ्यापर्यंत 4.2 मिलिमीटर व्यासाचा प्रकाशझोत येतो, आणि पहाटे व तिन्हीसांजेला त्याचे महत्त्व कळते. कोलोराडोत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला परवानगी असते आणि एल्क मोकळ्या गवतात नेमके त्याच वेळी वावरतात. हलक्या प्रतीच्या काचेतून त्या वेळी राखाडी धुक्याखेरीज काही दिसत नाही. दुर्बीण ट्रायपॉडवर बसवण्याची सोय अवश्य करावी. हातातल्या दुर्बिणीतून चालणारे जनावर दिसते, पण स्थिर दुर्बिणीतून झाडोऱ्यात बसलेल्या हरणाचा हलणारा कानही दिसतो. उताराचे पट्टे पाडून एकेक पट्टा सावकाश पाहावा, आणि ऊन सरकले की तोच उतार पुन्हा पाहावा.

दुर्बिणीचे काम रायफलीच्या स्कोपने कधीही करू नये. समोर हलणारी आकृती माणसाची असू शकते, आणि स्कोपमधून पाहणे म्हणजे तिच्यावर रायफल रोखणे होय. त्या भागात मूसही (एल्कहून मोठी हरणे) आहेत. एल्क समजून मूस मारल्याच्या घटना कोलोराडोत होतात, म्हणून चाप ओढण्याआधी ओळख पटणे हे आपले कर्तव्य आहे.

स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची शक्तिशाली दुर्बीण) यंदा घेऊ नये. त्याचा खरा उपयोग दूरवरच्या शिंगांची पारख करण्यासाठी होतो. मादी एल्कच्या परवान्यावर तीन-चार पाउंड जादा काच वाहण्यात अर्थ नाही. लेझर अंतरमापक मात्र घ्यावा, आणि तो उताराचा कोन हिशोबात धरणारा असावा. आपला 3-9×40 स्कोप पुरेसा आहे; त्याचे माउंट (रायफलीवरील पकड) आणि स्क्रू टॉर्क-पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासून घ्यावेत. प्रवासानंतर तळाजवळ, जिथे परवानगी असेल तिथे, शून्य पुन्हा पाहावे.

रानवाटा

दोघांचेही मनापासून आभार. रायफलीचा विचार सोडतो. पॅकबद्दल मात्र गोंधळ आहे. माझ्याकडे गिर्यारोहणाची 65 लिटरची चांगली सॅक आहे. ती चालणार नाही का?

शिखरवाट

सामान तळापर्यंत नेण्यासाठी ती चालेल, मांस आणण्यासाठी बहुधा नाही. पूर्ण वाढलेल्या मादी एल्कचे हाडे काढलेले मांस 150 पाउंडांच्या आसपास भरते. म्हणजे दोघांनी वाहिले तरी प्रत्येकी निदान एक जड फेरी, आणि तीही उंचीवर, कदाचित बर्फातून. गिर्यारोहणाच्या सॅकची चौकट साधारण 40-50 पाउंडांसाठी बनवलेली असते. त्याहून अधिक वजन घातले की ती वाकते, कमरपट्टा घसरतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो.

शिकारीच्या पॅकमध्ये ताठ चौकट आणि पिशवी वेगवेगळ्या असतात. पिशवी चौकटीपासून मागे ओढून मधल्या जागेत मांस आवळून बांधता येते, त्यामुळे वजन पाठीला चिकटून राहते. मोंटानात सुरू झालेल्या मिस्टरी रँच आणि स्टोन ग्लेशियर, आयडाहोतील एक्सो या कंपन्यांचे पॅक याच रचनेचे आहेत. कंपनीपेक्षा माप महत्त्वाचे: चौकटीचा वरचा भाग खांद्यांच्या पुरेसा वर असावा, म्हणजे वरचे ताणपट्टे भार खरोखर उचलतात. घरी 60 पाउंड वाळू भरून तासभर जिने चढून पाहावे, आणि नितंबाच्या हाडावर कमरपट्टा टिकत नसेल तर पॅक परत करावा.

हवा खेळणाऱ्या कापडी मांस-पिशव्या पॅकइतक्याच आवश्यक आहेत. एल्कचे शरीर मोठे आणि कातडे जाड असल्यामुळे थंडीतही आतली उष्णता टिकते आणि मांडीच्या हाडाजवळचे मांस आधी खराब होते. म्हणून जनावर पडताच कातडे काढून पाय सोडवावेत, पिशव्यांत घालून सावलीत टांगावेत आणि मग वाहतुकीचा विचार करावा. जनावर नर की मादी हे दाखवणारा अवयव मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. खाण्याजोगे मांस रानात टाकणे हा गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट. कोलोराडोत कमरेच्या वर 500 चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे, पण मोठा पॅक पाठ पूर्ण झाकून टाकतो. पॅकवरून नारिंगी आच्छादन घालावे, आणि म्यूल डिअर मिळाल्यास त्याची शिंगेही नारिंगी कापडात गुंडाळूनच वाहावीत.

माझ्या हिशोबाने दुर्बिणीला 1,000, ट्रायपॉडला 300, अंतरमापकाला 300, पॅकला 650 आणि मांस-पिशव्या, सुरी वगैरेंना 150 डॉलर ठेवावेत. राहिलेल्या 600 डॉलरची काडतुसे घ्यावीत आणि ऑक्टोबरपर्यंत ती संपवावीत.