म्हणे ‘अजून न बिघडलेलं’ लास नेग्रास!

रापणकर: परवा इथे एका ताईंनी लास नेग्रासवर लिहिलं: ‘स्पेनच्या किनाऱ्यावरचं अजून न बिघडलेलं गाव, कुणालाच माहीत नाही, बिघडायच्या आत जाऊन या.’ खाली बदामांचा पाऊस. अहो, कुणालाच माहीत नाही? ऑगस्टमध्ये जाऊन दाखवा. पलीकडे सान खोसेहून खेनोवेसेस आणि मोन्सुलच्या पुळणींकडे जो कच्चा रस्ता जातो, तो उन्हाळ्यात पार्किंग भरलं की गाड्यांना बंद. मग बस पकडा, नाहीतर तंगडतोड करा.

आणि हा किनारा काही देवाच्या कृपेने वाचलेला नाही. १९८७ साली काबो दे गाता-नीखार नैसर्गिक उद्यान जाहीर झालं म्हणून वाचला. खेनोवेसेसच्या मागची जमीन डोन्या पाकिता नावाच्या बाईंनी बिल्डरांच्या घशात घातली नाही म्हणून वाचला. नसता वाचला तर काय, ते याच किनाऱ्यावरच्या कार्बोनेरासला बघा. एल आल्गारोबिको, ४११ खोल्यांचं हॉटेल, थेट पुळणीच्या डोक्यावर. २००६ मध्ये कोर्टाने काम थांबवलं, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही जमीन बांधकामाची नाहीच. त्यानंतरही कित्येक वर्षं तो पांढरा सांगाडा तिथेच. ‘बिघडायच्या आत जा’ म्हणणारेच बिघडवतात, एवढंच म्हणणं आहे.

उनाड_मी: लेख माझा आहे, नाव घेऊन बोला की! मी मेमध्ये गेले होते. गाव रिकामं होतं, त्यात माझा काय दोष? काला दे सान पेद्रोला चालत गेले, डोंगराच्या कडेने तासाभराची वाट, गाडीरस्ता नाही. खाली पडका किल्ला, गोड्या पाण्याचा झरा, झोपड्या बांधून राहणारे हिप्पी. सुंदर होतं, सुंदर लिहिलं. तुमची परवानगी घ्यायची राहिली.

म्युनिककर: आल्मेरियाच्या विमानतळावरून गाडीनेच गेला असाल ना? मग वाटेत नीखारचं प्लास्टिक दिसलं नाही? त्या प्रांतात तीस हजार हेक्टरांहून जास्त ग्रीनहाऊस आहेत. मोरोक्कोतून, आफ्रिकेतून आलेली माणसं आत राबतात, आणि त्यातली कित्येक लाकडी फळ्या नि फाटक्या प्लास्टिकच्या झोपड्यांत राहतात. लेखात एक ओळ नाही. फोटो मात्र समुद्राकडे तोंड करून.

बागाईतदार_निफाड: आलं प्लास्टिक! आमच्याकडे अवकाळीपासून द्राक्षं वाचवायला कव्हर घातलं की शहरातले असेच नाकं मुरडतात. म्युनिककर, जानेवारीत ढोबळी मिरची, टोमॅटो कुठले खाता हो? आल्मेरिया एके काळी द्राक्षांचं होतं. पिंपात बुचाचा भुसा भरून त्यात घड ठेवायचे आणि बोटीने इंग्लंडला पाठवायचे. तो धंदा बसला. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. माणसं पोटासाठी बार्सिलोनाला, तुमच्याच जर्मनीला गेली. मग प्लास्टिक आलं आणि घरं उभी राहिली. हे कोण लिहिणार?

म्युनिककर: घरं मालकांची. आणि त्या ग्रीनहाऊसची जमीन कशी करतात तेही सांगा की. खाली माती, मध्ये शेणखत, वर वाळूचा थर. ती वाळू बरीच वर्षं कुठून उपसली? किनाऱ्यावरून, टेकाडांवरून!

बागाईतदार_निफाड: वाळू कुठून कुठे जाते ते गोदाकाठच्या माणसाला शिकवू नका. रात्री दोनला ट्रॅक्टर आमच्या दारावरून जातात. बोललं की काय होतं तेही माहीत आहे.

साबुदाणा: मूळ प्रश्न बाजूला राहू द्या, शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय? सॅलड सांगितलं तर त्यात ट्यूना. वेटर म्हणतो, हे मांस नाही.

उनाड_मी: धाग्याचं नाव ‘टोमॅटो’ करा एकदाचं.

बागाईतदार_निफाड: मजुरांचं म्हणाल तर मान्य. आमच्याकडेही छाटणीला पेठ-सुरगाण्याहून माणसं येतात, त्यांची सोय कशी असते ते मी इथे लिहिणार नाही, घरचे वाचतात. पण म्युनिककरांनी आधी हिवाळ्यातला टोमॅटो सोडावा.

म्युनिककर: सोडत नाही. पोरं खातात. झालं समाधान?

रापणकर: मी गावाबद्दल विचारलं होतं. लिहायचंच असेल तर नाव न घेता लिहा. आमच्या गुहागरकडच्या एका पुळणीचं असंच कुणीतरी कौतुक केलं. आता सुरूच्या बनात बाटल्या वेचतोय आम्ही.

उनाड_मी: वा! मी एका गावाचं नाव घेतलं. तुम्ही दोन पुळणी, रस्ता, पार्किंग आणि बससुद्धा सांगून मोकळे झालात.

रापणकर: मी इशारा म्हणून दिलं ते.

नवा_पाहुणा: छान माहिती, रापणकर काका. ती मोन्सुलची बस सप्टेंबरमध्येही असते का? आम्ही चौघं आहोत.