लिलाव वाढवायचेत, पण पाठवणी हातानंच चाललीय. ऑटोमेशन कुठून सुरू करू?

जुनाकॅमेरा:
मंडळी, मी जुने फिल्म कॅमेरे आणि लेन्स ऑनलाइन लिलावात विकतो. बहुतेक लिलाव रविवारी रात्री संपवतो, तेव्हा बोली चांगली चढते. मग सोमवारी सगळं एकदम अंगावर येतं. पत्ता कॉपी करा, खोकं काट्यावर ठेवा, कुरिअरचा दर बघा, लेबल काढा, ट्रॅकिंग नंबर परत लिलावाच्या साइटवर टाका. माल मिळतोय, घेणारेही आहेत. अडतंय ते फक्त पाठवणीत. शिपिंगचं सॉफ्टवेअर घेऊ का? उदाहरणं सगळी एकाच मालाचे शेकडो नग विकणाऱ्यांची दिसतात. माझ्याकडे प्रत्येक वस्तू एकच, आणि कोण घेणार, कितीला, हे शेवटच्या मिनिटापर्यंत ठाऊक नसतं.

चिनीमाती:
घ्याच. पण त्याआधी वजनकाटा पॅकिंगच्या टेबलावरून फोटोच्या टेबलावर न्या. माझ्या कपबशांच्या धंद्यात सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीनं पडला.

खरेदीदार शेवटी कळतो, पण वस्तू तर आधीपासून तुमच्या हातात असते. फोटो काढतानाच ती कोणत्या खोक्यात जाईल ते ठरवा, पॅकिंगसकट वजन आणि खोक्याची मापं लिहा, लॉट नंबरचा बारकोड लावून फळीवर ठेवा. मापं विसरू नका. हवाई कुरिअर बहुधा लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५००० असं आकारमानाचं वजन काढतात आणि दोन्हीतलं जास्त असेल ते लावतात. ४०×३०×२५ च्या खोक्यात दोन किलोचा कॅमेरा असला तरी बिल सहा किलोचं येतं.

एवढी माहिती आधीच भरलेली असली की पैसे जमा झाल्यावर सॉफ्टवेअरला फक्त पत्ता जोडायचा उरतो. सोमवारी स्कॅन करा, लेबल बाहेर. शिवाय पाठवणीचा खर्च लिलाव चालू असतानाच दिसतो, त्यामुळे लोक बिचकत नाहीत.

जुनाकॅमेरा:
हे पटलं. पण एकाच माणसानं तीन लॉट जिंकले तर? आणि लेन्सना परदेशातून बरीच विचारणा असते.

गोदामवाला:
मी गोदामांसाठी अशा प्रणाली बसवतो. लेबल लिलाव संपल्यावर नाही, पैसे आल्यावर आणि तुम्ही ठरवलेली थांबायची मुदत सरल्यावर निघावं. तोवर त्याच खात्याचे, त्याच पत्त्याचे लॉट एकत्र करा. नावावरून जुळवू नका. तीन वजनांची बेरीज चालते, तीन खोक्यांच्या मापांची नाही. एकत्र पार्सलचं खोकं माणसानंच निवडावं.

परदेशासाठी एचएस कोडचा (कस्टमला मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक) रकाना लिस्टिंगमध्येच ठेवा. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात: फिल्म कॅमेरे ९००६ मध्ये, कॅमेऱ्याच्या लेन्स ९००२.११ मध्ये. कस्टमला जाहीर करायची किंमत लिलावाच्या अंतिम बोलीवरून आपोआप यावी, सुरुवातीच्या बोलीवरून कधीच नाही. टपालानं माल पाठवताना ही माहिती आधी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं देणं जागतिक टपाल संघानं १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक केलंय, म्हणजे हातानं भरलेल्या फॉर्मवर भागत नाही. बॅटरी आहे की नाही, हाही एक रकाना हवा; लिथियमला विमानाचे वेगळे नियम लागतात.

चिनीमाती:
आणि महाग लॉटचं लेबल आपोआप निघू देऊ नका. एक रक्कम ठरवा, तिच्यावरचा प्रत्येक लॉट तुमच्यासमोर थांबला पाहिजे: विमा, सही घेऊनच सुपूर्द करायची सूचना, पॅकिंगचे फोटो. साध्या पार्सलांतून जो वेळ सुटेल तो इथं घाला. दुर्मिळ लेन्स फुटली तर बदली द्यायला दुसरी नसते.

जुनाकॅमेरा:
मग पुढच्या खेपेपासून काटा फोटोच्या टेबलावर. गोदामवाले, थांबायची मुदत साधारण किती ठेवावी?

गोदामवाला:
तुमचे लिलाव एकाच रात्री संपतात, त्यामुळे दोन दिवस पुरतील. मुदत लिस्टिंगमध्येच लिहा, म्हणजे 'पार्सल कधी निघणार' असे मेसेज येणार नाहीत.