आवड डिझायनरची, हप्ते आमचे

हप्तेवाला_इंदिरानगर
परवापासून नाशिकच्या ग्रुपांवर एका इंटिरियर डिझायनर बाईंची पोस्ट फिरतेय. थोडक्यात अशी: सुरुवातीला त्यांनी पीओपीची फुलं आणि लाल-काळी चकचकीत किचनं केली, मग सगळं पांढरं नि करडं केलं, आता जुन्या नाशकातले वाडे आणि तांब्या-पितळेची भांडी ही त्यांची प्रेरणा. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण शेवटी लिहिलंय की आजही कोणी फॉल्स सिलिंग मागितलं की त्यांना वाईट वाटतं, नाशिककरांची नजर अजून तयार व्हायची आहे म्हणे.

बाई, लाल-काळं किचन कोणी पोटातून शिकून येत नाही. थ्रीडी तुम्ही दाखवलंत, 'सध्या हेच चालतंय' हे तुम्हीच सांगितलंत. तुमची आवड दर चार-पाच वर्षांनी पुढे सरकते, आमचं कर्ज मात्र वीस वर्षं जागचं हलत नाही. आणि आता नजर आमचीच कच्ची?

माझ्या हॉलमधल्या कोव्ह लाइटची, म्हणजे सिलिंगच्या कडेला लपवलेल्या दिव्यांच्या पट्टीची, एक बाजू बंद पडलीय. तिचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारा डबा, सिलिंगच्या आत गाडलेला, वर हात घालायला झाकण नाही. वायरमन म्हणतो, पीओपी कापावं लागेल. टीव्हीमागच्या चारकोल पॅनलच्या खाचांत धूळ बसते ती फडक्याने निघत नाही, बायको जुना टूथब्रश घेऊन बसते. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे, एप्रिल-मेमध्ये चारनंतर सोफ्यावर बसवत नाही. मूडबोर्डवर, म्हणजे डिझायनरच्या नमुन्यांच्या फळ्यावर, फोटोंचा ढीग होता, पण दुपारी चारला त्या खिडकीपाशी कोणी येऊन उभं राहिलं नाही.

वाड्याला चौक होता कारण आत उजेड-वारा यायला हवा होता. भिंती जाड होत्या कारण ऊन अडवायचं होतं. कोनाडा दिव्यासाठी आणि खुंटी पागोट्यासाठी असायची. वाड्याकडून घ्यायचंच तर हे घ्या.

मृण्मयी_साइटवर
मी याच धंद्यातली, म्हणून सविस्तर लिहिते. आवड बदलणं हा गुन्हा नाही. वीस वर्षं एकाच साच्यातली घरं करणाऱ्या डिझायनरकडे तुम्ही तरी जाल का? तेव्हा लोक मालिकांतल्या बंगल्यांचे फोटो घेऊन यायचे. नाही म्हटलं की सरळ कंत्राटदार गाठायचे, तो स्क्वेअर फुटाच्या रेटने निम्म्यात करून द्यायचा. थ्रीडी आम्ही दाखवलं हे खरं, पण त्यातलं काय निवडलं गेलं तेही आठवा.

माझी नजर कॉलेजात तयार झाली नाही. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात पहिल्यांदा शिरले तेव्हा खालचा काळा दगड, वरचं सागवान आणि बाहेरच्या रणरणत्या उन्हात आतला गारवा हे सगळं एकदम अंगावर आलं. मग श्रीलंकेचे वास्तुकार जेफ्री बावा यांचं काम बघितलं. त्यांच्या घरात खोली कुठे संपते आणि अंगण कुठे सुरू होतं ते कळत नाही. केरळात वास्तुकार लॉरी बेकरांनी विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवली, त्यात विटाही वाचल्या आणि घरही कमी तापलं.

चंदीगडच्या खुर्च्या घ्या. 1950 च्या दशकात वास्तुकार पिएर जॉनरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या करवून घेतल्या. आपण त्या भंगारात काढल्या. परदेशात त्यांचे लाखांत लिलाव झाले, तेव्हा कुठे आपल्याला त्या दिसायला लागल्या. नक्षीच्या सिमेंट टाइलचंही तसंच. विलायती टाइलला स्वदेशी पर्याय म्हणून मुंबईत 1922 मध्ये भारत टाइल्स सुरू झाली. नंतर घराघरांतून त्या फरश्या उखडून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसली, आणि आज लोक तीच जुनी नक्षी शोधत हिंडतात. नजर अशी हळूहळूच फिरते, कोणा एकीची लबाडी नसते ती.

ड्रायव्हर सिलिंगमध्ये गाडणं हे मात्र वाईट काम. त्याचा आवडीनिवडीशी संबंध नाही.

मठार
पितळेवर दोन शब्द. आमच्या घरात भांडी ठोकायचं काम झालंय म्हणून बोलतो. हंड्याच्या बुडाला भोक पाडून त्यात बल्ब लावायचा आणि प्रेरणा म्हणायचं, हे बघवत नाही. हाताने ठोकलेल्या भांड्यावर दोन ठोके कधी सारखे पडत नाहीत. आता मशीनवर दाबून एकसारखे ठोके उठवलेली भांडी मिळतात आणि घरमालकाला ती हातकामाची म्हणून लावतात. वर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारतात. तो जागोजागी उडाला की भांडं डागाळतं, मग उरलेला लॅकर काढल्याशिवाय चिंच लावली काय नि पितांबरी लावली काय, ते डाग नीट जात नाहीत. प्रेरणा घेणाऱ्यांनी ऑर्डर कारागिराला द्यावी, आणि ती पाणी भरण्याच्या भांड्याची द्यावी.

सुतारपुत्र
सगळे प्रेरणेवर बोलताय, तर खांबांवर बोला. वाडा पाडला की त्याचे सागवानी खांब दुसऱ्या दिवशी कुठे जातात? मी सांगतो. जुन्या लाकडाच्या वखारीत जातात, तिथून डिझायनर उचलते, खांब मधोमध कापून वर काच ठेवते आणि कॉफी टेबल तयार. त्याच बाई मग वाड्यांनी मला घडवलं म्हणून पोस्ट लिहितात.

माझ्या वडिलांकडे असा एक खांब कापायला आला होता. वरच्या टोकाला केळफूल कोरलेलं, खाली दगडी तळखड्यावर बसणारा भाग झिजून गोल झालेला. तुळईच्या सांध्यात खिळा नव्हता, नुसती खाच आणि लाकडी पाचर. वडिलांनी तासभर तो हातात फिरवून पाहिला आणि परत पाठवला. पैसे चांगले मिळणार होते. असला साग आता लावून मिळत नाही. ज्याच्यावर पिढ्यानपिढ्या मजला उभा राहिला, त्याच्यावर चहाचे कप ठेवायचे?

वाड्यातली_लेक
सुतारपुत्र, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण तुम्ही वाड्यात राहिला आहात का? मी राहिलेय, भांडी बाजाराच्या मागे. आठ बिऱ्हाडांना मिळून एक संडास. पावसाळ्यात कडीपाटातून माती गळायची, म्हणून ताटावर ताट झाकून जेवायचो. दर जूनच्या आधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटायची. 1947 च्या भाडे कायद्यापासून भाडं जिथल्या तिथे, त्यात कौलं तरी कुठून बदलणार? 1969 च्या महापुराच्या गोष्टी आजी सांगायची, आणि ऑगस्ट 2019 मध्ये गोदावरीच्या पुरात नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा आमच्या ओटीवर पुन्हा गुडघाभर गाळ. तो आईने आणि मी घमेल्याने उपसला. तेव्हा वाड्यावर प्रेम करणारं एकही माणूस तिकडे फिरकलं नाही.

चुलत्यांची सही मिळवता मिळवता वडील गेले. आमच्या वाट्याला आलेले खांब आम्ही विकले. त्या पैशांतून आईच्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं रजिस्ट्रेशन झालं. कोणी त्यांचं टेबल करो नाहीतर देव्हारा, मला त्याचं दुःख नाही.

सुतारपुत्र
दुःख नाही कसं? असलंच पाहिजे. तुम्ही विकले त्यावर मी बोलत नाही, ते तुमच्या घरचं. पण ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी खांब कापण्याऐवजी एक वाडा तरी दुरुस्त करून दाखवावा. शहर एकेक वाडा गमावतंय आणि तुम्ही संडासाचं बोलता.

वाड्यातली_लेक
हो, संडासाचंच बोलणार. रात्री पोटात कळ आली की कंदील घेऊन चौक ओलांडणाऱ्या बाईने ते बोलायचं नाही तर कोणी बोलायचं? वाडा वाचवा म्हणणारे सगळे पुरुष, आणि सगळे फ्लॅटमध्ये राहणारे. तुमचा पत्ता विचारत नाही, पण आमचं दुःख आम्हाला शिकवू नका.

देवघर_पूर्वेला
मूळ प्रश्न वास्तूचा आहे. माझ्या डिझायनरने देवघर बाथरूमच्या भिंतीला टेकवलं, का तर तिथे जागा 'बसत' होती. यावर कोणी बोलत नाही.

मृण्मयी_साइटवर
देवघराचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

लेक, तुमचं वाचून गप्प बसले होते, पण एक लिहिते. वाड्याचे खांब मीही दोन घरांत वापरलेत. कापले नाहीत, अख्खे उभे केले, एक ओट्यासारख्या बैठकीच्या कोपऱ्यात आणि एक दाराशी. वखारीत ते पावसात पडले होते, वाळवी लागायला सुरुवात झाली होती. मी घेतले नसते तर चुलीत गेले असते. वाडा मी वाचवू शकत नाही. ती ताकद सरकारकडे आणि मालकांकडे आहे, अडीच लाखांच्या बजेटमध्ये दोन खोल्या करणाऱ्या बाईकडे नाही.

सुतारपुत्र
अख्खे उभे केले असतील तर तेवढ्यापुरतं मान्य. टेबलाबद्दलचं माझं मत तेच आहे.

हप्तेवाला_इंदिरानगर
धागा खांबांवर गेला, हरकत नाही, मलाही बरंच कळलं. मृण्मयी, लोकांनी मालिकांचे फोटो आणले हे खरं असेल. पण डॉक्टरकडे गेलेला माणूस गोळीचं नाव घेऊन गेला म्हणून डॉक्टर तीच लिहून देतो का? फी कशाची घेता? तुमच्या सरकारवाड्याच्या परिच्छेदात मला जे पटलं, ते म्हणजे तुम्ही गारवा लिहिलात. त्या पोस्टमध्ये गारवा कुठेच नव्हता, नुसते पितळेचे फोटो होते. वाडा बघून भिंतीवर खोटी कमान चिकटवणाऱ्याची आवड बदलली असं मी मानत नाही. त्याचा फक्त कॅटलॉग बदलला.

मृण्मयी_साइटवर
फीचा मुद्दा लागला. दुर्दैवाने बरोबर आहे, धंद्यात नाही म्हणायला जीव लागतो आणि नव्या पोरींकडे तो नसतो. पण 'कॅटलॉग बदलला' हे सगळ्यांना लावू नका. ज्या बाईंवर तुम्ही चिडलात, त्यांनी निदान जुनं काम लपवलं नाही.

पश्चिमेच्या खिडकीचं सांगते. आतून पडदा लावून उपयोग नाही, काच तापली की ऊन घरात शिरलेलंच असतं. बाहेरून अडवा. सोसायटी परवानगी देत असेल तर बाहेर बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चीक, सोडा. ग्रिलमध्ये उभ्या पट्ट्या बसवल्या तरी उतरतं ऊन बरंच तुटतं, आडव्या नकोत, चारनंतर सूर्य खाली आलेला असतो. सिलिंगला ड्रायव्हरच्या जागी एक फुटाचं झाकण कापून घ्या, बिजागरी लावून. सगळं पाडायची गरज नाही.

हप्तेवाला_इंदिरानगर
उभ्या पट्ट्यांचं सेक्रेटरीला विचारतो. नजरेबद्दलचं ते वाक्य मात्र त्यांनी मागे घ्यायला हवं, त्यावर मी ठाम आहे.

वाड्यातली_लेक
पट्ट्या सागाच्या करायच्या असतील तर सुतारपुत्रांना विचारा. आणि सुतारपुत्र, आमच्या दिंडी दरवाजाची एक फळी अजून आईकडे माळ्यावर आहे. ती विकणार नाही. पण ती बघायला यायचं असेल तर आधी कळवा, आणि आल्यावर आईला वाड्याचं महत्त्व समजावू नका.