वजन कमी करतेय पण रात्री भुकेने झोपच लागत नाही, काय करू?

स्वाती_डोंबिवली:
नमस्कार मंडळी, इथे वाचते नेहमी पण विचारतेय पहिल्यांदाच. वय ३६, वजन ७४, उंची पाच फूट दोन इंच. जानेवारीपासून मनावर घेतलंय. सकाळी चहा आणि भिजवलेले चार बदाम, नाश्ता बंद केला. डब्यात एक पोळी, भाजी, काकडी. साडेचारला ऑफिसात चहा. ऑफिस परळला आहे, घरी यायला सव्वाआठ होतात, मग स्वयंपाक, आणि साडेनऊला सगळे जेवायला बसले की मी फक्त वाटीभर मुगाचं सूप घेते. तोपर्यंत सगळं नीट असतं हो. पण अकराला आडवी झाले की पोटात कालवाकालव सुरू होते, पाणी पिऊन बघते, कूस बदलत राहते, बारा-साडेबाराला कधीतरी डोळा लागतो आणि अडीचला परत जाग. मग मी ओट्यापाशी उभी राहून मुलीची बिस्किटं, चिक्की, काहीच नसेल तर उरलेली पोळी तूप-साखर लावून खाते, दोन घास म्हणता म्हणता पोटभर होतं. आणि सव्वापाचला उठायचं असतं, मुलीची शाळा सातची आहे, तिचा आणि ह्यांचा डबा असतो. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरलं, आता काटा हलत नाही. रात्रीची भूक मारायला काही उपाय आहे का? इसबगोल घेऊ का? कोणी म्हणालं झोपेची हलकी गोळी घे म्हणजे भूक कळणारच नाही. प्लीज ज्यांनी अनुभवलंय त्यांनी सांगा.

नाशिकची_माई:
स्वाती, अगं तू दिवसभर उपाशी आहेस ग! तू लिहिलेलं दोनदा वाचलं. दोन चहा, चार बदाम, एक पोळी, वाटीभर सूप. यावर तू लोकलने परळ गाठतेस, उभ्याने परत येतेस, चार माणसांचा स्वयंपाक करतेस. रात्री अडीचला शरीर मागणार नाही तर काय करणार, दिवसा त्याला कोणी विचारलंच नाही. ही भूक मारायची नाही, हिला वेळेवर जेवायला घालायचं.

माझ्या सुनेचं अगदी हेच चाललं होतं म्हणून सांगते. आम्ही रात्रीचं काही बदललं नाही आधी, सकाळचं बदललं. निघायच्या आधी दोन मुगाची धिरडी किंवा दोन उकडलेली अंडी आणि अर्धी भाकरी. डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि एक वाटी उसळ, मटकी मूग चवळी काहीही, पातळ वरण नको, घट्ट उसळ. आणि संध्याकाळी निघताना पर्समध्ये फुटाणे ठेवायचे, सालासकटचे, मूठभर. गाडीत बसायला मिळालं की सावकाश चावून खायचे. घरी आल्यावर कढईतली भाजी चाखता चाखता, पोळी लाटताना तुकडा मोडता मोडता जे जातं ना पोटात ते तूच मोजत नसशील, ते आपोआप थांबतं कारण भूक कडकडून लागलेली नसते.

आणि झोपेची गोळी अजिबात नको हं, कोणी का सांगेना.

आहार_कोल्हापूर:
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, माईंशी शंभर टक्के सहमत. स्वातीताई, तुमचं दिवसाचं खाणं माझ्या अंदाजाने ७००-८०० कॅलरीच्या आसपास आहे, रात्रीचं सोडून. इतकं कमी खाणं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचं नसतं. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरायला रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी पुरतात, तुम्ही त्याच्या खूप खाली जाताय आणि मग रात्री बिस्किट-चिक्कीने ते भरून निघतंय, म्हणून काटा अडकलाय. प्रोटीन तर जेमतेम २०-२५ ग्रॅम पडत असेल. आयसीएमआरचा साधा हिशोब किलोमागे ०.८३ ग्रॅमचा आहे, म्हणजे ६० च्या घरात हवं. एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात ७-८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, माईंनी सांगितलेल्या मूठभर फुटाण्यात (३० ग्रॅम धरा) ६ ग्रॅम आणि कॅलरी फक्त ११० च्या दरम्यान. तेवढ्याच शेवेत दीडशेच्या वर कॅलरी जातात आणि पोटाला आधार काहीच नाही.

पण मला जास्त काळजी वाटतेय ती झोपेची. साडेबारा ते सव्वापाच आणि त्यातही मध्ये उठणं, म्हणजे चार-साडेचार तास. भूक लागली म्हणून झोप गेली एवढंच नाहीये ते, झोप नाही म्हणूनही भूक लागते. पोटातून घ्रेलिन नावाचं हार्मोन येतं ते भूक चेतवतं, चरबीतून लेप्टिन येतं ते आता बास म्हणून सांगतं. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात १२ तरुण निरोगी पुरुषांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि नंतर त्यांचीच तुलना दहा तास झोपायला दिलेल्या रात्रींशी केली. कमी झोपेत लेप्टिन १८ टक्के खाली, घ्रेलिन २८ टक्के वर, आणि ओढ कशाची तर गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. म्हणजे अडीच वाजता हात चिक्कीकडे जातो, काकडीकडे जात नाही, यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही, कृपा करून स्वतःला दोष देऊ नका.

अजून एक, हे माझ्या प्रत्येक पेशंटला सांगते. २०१० मध्ये तिथल्याच लोकांनी वजन जास्त असलेल्या दहा जणांना मोजकं खायला देऊन १४ दिवस साडेआठ तास आणि १४ दिवस साडेपाच तास झोपायला दिलं. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं. पण कमी झोपेत चरबी निम्म्याहूनही कमी गेली आणि बाकीचं स्नायू वगैरेमधून गेलं. म्हणजे तुम्ही उपाशी राहण्याचा एवढा त्रास सोसताय आणि जातंय ते स्नायू, जे आपल्याला जपायचेत!

इसबगोल बद्धकोष्ठाला ठीक, ते जेवणाच्या ऐवजी नसतं.

निलेश_औरंगाबाद:
माझं मत थोडं वेगळं आहे. मी दीक्षित सरांच्या पद्धतीने दोनच वेळा जेवतो, दुपारी एक आणि रात्री आठ, मधे काही नाही, आणि मला रात्री भूक लागत नाही, गाढ झोपतो. ताई तुम्ही नाश्ता बंद केला ते वाईट नाही पण दोन जेवणं करायची तर ती पोटभर असली पाहिजेत, ५५ मिनिटांच्या आत जेवढं हवं तेवढं, आणि त्यात कडधान्य, भाजी, कोशिंबीर भरपूर. तुम्ही नाश्ताही नाही, जेवणही अर्धं आणि रात्री सूप, हे कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

आहार_कोल्हापूर:
निलेशदादा, वाद नाही. कोणाला दोन वेळा जमतं, कोणाला ऋजुता दिवेकर सांगतात तसं थोडं थोडं दर दोन-तीन तासांनी जमतं. फक्त ज्यांना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण बंद करू नये. स्वातीताईंना दुपारी एक ते रात्री साडेनऊ, मधे नुसता चहा, एवढा खंड झेपत नाहीये हे दिसतंच आहे.

आणि हो, तो साडेचारचा चहा शेवटचाच ठेवा. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. घरी आल्या आल्या अजून एक कप घेत असाल तर तो अकरा वाजता जागाच असतो तुमच्याबरोबर.

सिस्टर_सातारा:
मी सिव्हिलला नर्स होते, आता निवृत्त. स्वाती, एक विचारते, रात्री जी कालवाकालव होते ती नेमकी कशी आहे? बेंबीच्या वर जळजळ, कुरतडल्यासारखं, आणि दोन बिस्किटं खाल्ली की लगेच बरं वाटतं असं आहे का? कारण ती भूक नसून ॲसिडिटी किंवा अल्सर पण असू शकतो. लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर असतो ना तो रिकाम्या पोटी, मध्यरात्रीनंतर दुखतो आणि खाल्लं की तात्पुरता शांत होतो, माणसाला वाटतं भूकच होती. डोकेदुखी कंबरदुखीला पेनकिलर घेत असशील आणि त्या पण उपाशीपोटी, तर नक्की दाखवून घे. शौचाला काळं होत असेल तर थांबूच नको.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक वाढते ते नॉर्मल आहे, तेव्हा आवर्जून थोडं जास्त खा. आणि घोरतेस का, सकाळी डोकं जड असतं का हे घरच्यांना विचार, तसं असेल तर झोपेतला श्वास अडकण्याची तपासणी असते. झोपेची गोळी मेडिकलवरून स्वतः आणून घेऊ नकोस. काही गोळ्यांनी माणूस अर्धवट झोपेत उठून स्वयंपाकघरात जाऊन खातो आणि सकाळी त्याला आठवतही नाही, हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

स्वाती_डोंबिवली:
सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं, कारण घरी सगळे म्हणतात तुझा कंट्रोल नाही. सिस्टर, जळजळ नाही, पोट खरंच खपाटीला गेल्यासारखं होतं आणि हात थरथरतात थोडे. पेनकिलर नाही घेत. घोरत नाही म्हणतात हे. सकाळी धिरडी आणि गाडीत फुटाणे हे मला जमेल, ठाण्याला बऱ्याचदा बसायला मिळतं. पण झोप कशी वाढवू? सव्वापाचला उठावंच लागतं आणि साडेदहाच्या आधी ओटा आवरून होत नाही. आणि समजा तरीही रात्री जाग आली तर काय खाऊ?

नाशिकची_माई:
हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाहीये, घराचा आहे. दोन डबे, रात्रीचा स्वयंपाक, ओटा, सगळं तुझ्याच गळ्यात का? तुझे यजमान घरी किती वाजता येतात? तुझ्या आधी येत असतील तर कुकर लावणं आणि कणीक भिजवणं हे त्यांचं काम, तू सव्वाआठला आलीस की पावणेनऊला पानं घेता आली पाहिजेत. साडेनऊची जेवणं ही काही दगडावरची रेघ नाही. भाजी रविवारी निवडून, चिरून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायची. रात्रीचा ओटा त्यांनी आवरायचा आणि आठवड्यातून निदान तीन सकाळी डबा त्यांनी करायचा, पोळी जमत नसेल तर फोडणीचा भात करतील, उपमा करतील, मुलगी खाईल. तू त्या दिवशी सहाला उठ. माझ्या मुलाला मी हेच सांगितलं, पहिल्यांदा कुरकुर केली, आता तो सकाळचा थालीपीठवाला झालाय आणि सून झोपते. मला आई म्हणून सांगायला काही वाटलं नाही, तुझ्या घरी कोणी सांगणारं नसेल तर तू सांग, स्पष्ट सांग, डॉक्टरांनी सात तास झोपायला सांगितलंय म्हण.

जाग आली तर कपभर कोमट दूध, साखर न घालता, आणि त्यात मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या. बसून खा, ताटलीत घेऊन. झोपण्याआधीच लाह्यांची वाटी झाकून ठेव म्हणजे बिस्किटांचा डबा उघडायची वेळ येणार नाही.

आहार_कोल्हापूर:
माईंना माझा नमस्कार, हे आम्ही दवाखान्यात इतक्या स्पष्टपणे सांगू शकत नाही. २०२२ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारे ८० जण, वजन जास्त असलेले. त्यातल्या निम्म्यांना फक्त झोप कशी वाढवायची ते शिकवलं, खाण्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. त्यांची झोप रोज सव्वा तासाने वाढली आणि न सांगता त्यांच्या पोटात दिवसाला साधारण २७० कॅलरी कमी जायला लागल्या. म्हणजे ओटा दुसऱ्याने आवरणं हा सुद्धा डाएटचाच भाग आहे असं घरी सांगा.

रात्री पण सूप नुसतं नको, एक भाकरी, भाजी, घट्ट वरण किंवा पिठलं घ्या. हात थरथरतात म्हणालात, तर एकदा उपाशीपोटीची शुगर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घ्या. आणि व्यवस्थित खाऊन, झोपूनही आठवड्यातून दोन-दोनदा खाण्यासाठीच जाग येत राहिली, खाल्ल्याशिवाय झोपच येणार नाही असं वाटत राहिलं, तर त्याला नाइट इटिंग सिंड्रोम म्हणतात, त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका.

सागर_चाकण:
मधेच विचारतो, सॉरी. मी सेकंड शिफ्टला असतो, घरी यायला साडेबारा, आल्यावर मेस बंद म्हणून मॅगी नाहीतर अंडा-पाव. वजन ९१ झालंय. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

आहार_कोल्हापूर:
सागर, मुख्य जेवण शिफ्टमधल्या ब्रेकमध्ये, आठ-साडेआठला कॅंटीनमध्येच पोटभर करा. घरी आल्यावर दूध किंवा ताक आणि दोन अंडी, पाव सोडा. आणि सकाळी खिडकीला जाड पडदा लावून साडेआठपर्यंत झोपा, सुट्टीच्या दिवशी सुद्धा वेळ फार बदलू नका.

मनीषा_लातूर:
ताई, माझे वडील ६८ वर्षांचे, शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटल्यापासून रात्री फक्त अर्धी भाकरी खातात. तेव्हापासून पहाटे तीनला उठतात, खूप भूक लागली म्हणतात, बनियन घामाने ओलं असतं. हे पण याच कारणाने का?

सिस्टर_सातारा:
मनीषा, हे वेगळं आहे आणि तातडीचं आहे. त्या गोळीवर जेवण कमी केलं की रात्री साखर खूप खाली जाऊ शकते, घाम, थरथर, एकदम भूक ही तिचीच लक्षणं. आज रात्री त्यांना नेहमीसारखं पूर्ण जेवू दे. ग्लुकोमीटर उशाशी ठेव, उठले की लगेच बोटातून तपास, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला दे, पंधरा मिनिटांनी परत तपास, वर आली नसेल तर परत दे, मग थोडं काहीतरी खायला दे. मशीन नसेल तरी अशा लक्षणांना साखर द्यायची, वाट बघायची नाही. बोलताना बरळत असतील किंवा गुंगीत असतील तर तोंडात काही घालू नकोस, सरळ १०८ ला फोन कर. आणि उद्या सकाळी पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करून सांग, डोस बहुतेक बदलावा लागेल.

मनीषा_लातूर:
मशीन आहे घरात. रात्रीचं पूर्ण जेवण देते आजपासून, सकाळी फोन करते डॉक्टरांना.