प्रतिसाद: पिकअपच्या मागच्या पाट्यांत जादा पान
जांभ्या चिऱ्यांच्या वाहतुकीसाठी मागच्या पाट्यांत (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक पान, म्हणजे एक पट्टी, वाढवावे का, या आपल्या प्रश्नाला वर बहुतेकांनी होकार दिला आहे. त्यात थोडी भर घालतो. पाच पानांना त्याच जाडीचे व लांबीचे सहावे जोडले, तर ताठपणा साधारण 20 टक्क्यांनी वाढतो आणि भरलेली गाडी मागे कमी बसते. मात्र धुरा, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची क्षमता आहे तेवढीच राहत असल्यामुळे आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) वजन ओलांडण्याची मुभा मिळत नाही. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब धुरा व चासी (गाडीचा सांगाडा) यांमधील अंतरावरून ठरवणारा वॉल्व्ह असतो, तेथे पाटे ताठ झाल्यावर भरलेली गाडीही त्याला हलकी भासते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. आंबा घाट उतरताना हे अंगाशी येऊ शकते, म्हणून तो वॉल्व्ह पुन्हा जुळवून घ्यावा. पाटे धुऱ्याला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे आणि पुरेशा लांबीचेच घ्यावेत. माझ्या गाडीला जुनेच आवळले होते, ते सैल पडले आणि पाने मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून धुरा बोटभर मागे सरकला. हंगामात आपण हापूसच्या पेट्याही नेत असाल, तर कायमच्या जादा पानाऐवजी भार पडल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा मला अधिक योग्य वाटतो, कारण हलक्या भाराला ताठ पाटे आदळतात आणि फळाला मार लागतो.