मदत हवी आहे: एकत्र ड्रेनेज लाइन वेगळी करणार आहेत, जुना पाइप कशासाठी ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

जरा घाईत विचारतोय, कारण पालिकेची सभा जवळ आलीये आणि गल्लीच्या वतीने मलाच बोलायला सांगितलंय. आमच्याकडे जुनी एकत्र लाइन आहे, म्हणजे संडास, बाथरूम, किचनचं पाणी आणि गच्चीचं, रस्त्याचं पावसाचं पाणी सगळं एकाच पाइपातून. एरवी ते प्रक्रिया केंद्राला जातं, काही त्रास नाही. पण मोठी सर आली की पाइप भरतो आणि चेंबरमधल्या बांधावरून उरलेलं सगळं थेट ओढ्यात पडतं, मैल्यासकट. आधी वाटायचं कुठेतरी फुटलंय, मग कळलं की ते मुद्दाम तसंच बांधलेलं असतं, नाहीतर तेच पाणी लोकांच्या संडासातून उलटं वर येईल.

आता लाइन वेगळी करायचं ठरलंय आणि दोन पर्याय आहेत. पहिला, जुना मोठा पाइप पावसाच्या पाण्याला द्यायचा आणि सांडपाण्यासाठी नवीन लहान पाइप टाकायचा. दुसरा, जुन्यात सांडपाणीच ठेवायचं आणि पावसाळी लाइन नवीन. पाहणीला आलेले इंजिनिअर पहिल्या पर्यायाच्या बाजूने आहेत, म्हणतात जुना पाइप मोठा आहे, पाऊस मावतो आणि ओढ्यापर्यंत वाट तयारच आहे. ऐकायला पटतं, पण का कोण जाणे मला त्यात काहीतरी खटकतंय आणि नेमकं काय ते सांगता येत नाहीये.

शिवाय घराच्या आत काय बदलावं लागणार? एवढी खोदाई करून ओढा खरंच स्वच्छ होतो का? आणि एक शेजारी म्हणतात हे सगळं सोडा, मोठी टाकी बांधा, पावसाचं पाणी तिथं थोपवा, पाऊस थांबला की हळूहळू केंद्राला सोडा. त्यात तथ्य आहे का? ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद १

तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे. पाइपाच्या साइजचा हिशोब नंतर करा, आधी हे बघा की एखादं कनेक्शन चुकलं तर काय होईल.

पहिल्या पर्यायात जुना पाइप थेट ओढ्याला जाणार, म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घराचं सांडपाण्याचं कनेक्शन जुन्यातून काढून नव्यात जोडावं लागणार. एखादं जरी राहिलं (आणि राहतंच, जुन्या गल्लीत कुठल्या घराचा पाइप कुठून निघतो हे कागदावर कधीच नसतं) तर त्या घराचा मैला वर्षाचे बारा महिने ओढ्यात. आज निदान पाऊस नसताना तरी तो केंद्राला जातोय. म्हणजे अर्धवट झालेलं काम हे न केलेल्या कामापेक्षा वाईट ठरू शकतं.

दुसऱ्या पर्यायात गच्चीचे आणि रस्त्याचे पाइप हलवायचे. त्यातला एखादा राहिला तर फक्त थोडं पावसाचं पाणी सांडपाण्यात जाईल, केंद्रावर थोडा भार वाढेल, संपलं.

पण दुसरा पर्याय सरसकट चांगला असंही नाही. जुना पाइप पावसाच्या हिशोबाने मोठा असतो, त्यात नुसतं सांडपाणी सोडलं की ते तळाशी बारीक धारेने सरपटत जातं. पाइप आपोआप साफ राहायला पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटरचा वेग लागतो, तो मिळाला नाही की गाळ बसतो, वास सुटतो. पूर्वी पाऊस येऊन ते धुऊन नेत होता, आता तोच बंद. त्यामुळे हा पर्याय घेतला तर उताराचं गणित मागा आणि अधूनमधून पाणी मारून पाइप धुणार का तेही विचारा.

प्रतिसाद २

टाकीवाले शेजारी अगदीच चुकीचे नाहीत हो. लंडनने हेच केलं. तिथल्या बॅझलजेट या इंजिनिअरने १८५८ मध्ये थेम्स नदीला सुटलेल्या भयंकर दुर्गंधीनंतर बांधलेल्या लाइन एकत्रच आहेत, त्या वेगळ्या करायच्या तर अख्खं शहर उकरावं लागलं असतं, म्हणून बहुतेक थेम्सच्या पात्राखालून २५ किलोमीटरचा बोगदा काढला. ओव्हरफ्लो त्यात साठतो आणि मग केंद्राला जातो. २०२५ मध्ये तो पूर्ण जोडला गेला. पण तो अख्ख्या शहराचा उपाय आहे, एका गल्लीच्या टाकीला जागा, पंप आणि गाळ काढणारी माणसं लागतात आणि एकत्र लाइन कायम राहते ती राहतेच.

आणि शून्य ओव्हरफ्लोचा हट्ट कोणीच धरत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या १९९४ च्या धोरणात सुद्धा वर्षाला सरासरी चार ओव्हरफ्लो चालतील किंवा पावसात एकत्र लाइनमध्ये आलेल्या पाण्यातलं ८५ टक्के पकडा, असे पर्याय दिलेत.

माझं मत विचाराल तर खोदाईच्या आधी छपरं बघा. ओरेगनमधल्या पोर्टलंडने १९९३ ते २०११ या काळात ५६ हजारांहून जास्त छपरांचे पाइप ड्रेनेजमधून सोडवून बागेत, मातीत वळवले. जिथे अंगण आहे, माती पाणी पिते आणि पाया जवळ नाही तिथे हे स्वस्तात होतं. त्यांनाही शेवटी मोठे बोगदे बांधावेच लागले ते वेगळं.

ओढा स्वच्छ होतो का म्हणाल तर मैला कमी होतो, घाण संपत नाही. पावसाळी पाइपातून रस्त्यावरचं तेल, टायरची भुकटी, कुत्र्यांची घाण, प्लॅस्टिक सगळं येतं आणि लाइन वेगळी झाल्यावर ते कुठल्याच केंद्रातून न जाता ओढ्यात पडतं. पहिल्या सरीचं पाणी सगळ्यात घाण. तोंडाशी जाळी आणि गाळ बसायला खड्डा मागाच, आणि तो साफ कोण करणार हेही लिहून घ्या.

धागाकर्ता

खूप आभार दोघांचे, प्रतिसाद १ वाचून डोक्यात प्रकाश पडला. आता एक नवीनच भानगड, आमच्याकडे बऱ्याच बिल्डिंगमध्ये मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आहे आणि तिचं पाणी गच्चीवरून येणाऱ्या पाइपातच सोडलंय, कारण तोच जवळ होता. म्हणजे तो पाइप पावसाळी धरायचा का सांडपाण्याचा? आणि इंजिनिअर पहिल्याच पर्यायावर अडून बसले तर?

प्रतिसाद ३

गॅलरीचा पाइप ही सगळीकडची रड आहे. साबणाचं पाणी गेलं की तो सांडपाण्याचा, मग गच्चीसाठी वेगळा पाइप खाली आणावा लागतो. किंवा मशीनचं पाणी बाथरूमच्या लाइनला जोडून गॅलरीचा पाइप पावसाला मोकळा ठेवायचा. दुसरं बहुतेक स्वस्त पडतं, पण भाडेकरू बदलला की नवीन माणूस पुन्हा तिथेच नळी खोचतो, म्हणून तोंडाला जाळीचं झाकण पक्कं बसवा.

पहिला पर्याय झालाच तर एक अट टेंडरमध्येच घालायला सांगा. जुन्या पाइपाचं केंद्राकडे जाणारं तोंड सगळ्यात शेवटी बंद करायचं. नवीन लाइन टाका, घरं हलवा आणि मग पाऊस नसताना सकाळी सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळी जुन्या पाइपात बघा. पाणी वाहतंय म्हणजे एकतर कनेक्शन राहिलंय किंवा जमिनीतलं पाणी झिरपतंय. फेस, वास, कडेला करडी बुरशी असेल तर कनेक्शन. एक सोपी युक्ती आहे, पांढरेपणासाठी रसायन न लावलेल्या साध्या कापसाचा बोळा काही दिवस पाइपाच्या तोंडाशी बांधून ठेवायचा आणि नंतर अंधारात अतिनील दिव्याखाली धरायचा, चमकला तर वरून कपड्यांच्या पावडरचं पाणी येतंय. मग घरोघरी रंग टाकून शोधायचं. सगळं कोरडं झाल्याशिवाय ते तोंड बंद होऊ देऊ नका.

जमिनीतल्या पाण्यावरून आठवलं, भेगा पडलेला जुना पाइप नकळत आजूबाजूची जमीन कोरडी ठेवत असतो. आतून अस्तर लावून तो बंद केला की पाण्याची पातळी वर येऊ शकते. तळघरं असतील तर हे आधीच विचारा, नंतर ओल आली की कोणी जबाबदारी घेत नाही.

धागाकर्ता

हे टेंडरवालं सभेत पहिलं मांडतो. रंग कुठला टाकतात आणि आम्ही स्वतः टाकला तर चालतो का?

प्रतिसाद ३

फ्लुरोसिन, हिरवा दिसतो, चिमूटभर पुरतो. एका वेळी एकाच घरात टाका, नाहीतर कुठल्या घराचा आला ते कळणार नाही. आणि पालिकेला आणि ओढ्याकाठच्या लोकांना आधी सांगून ठेवा, हिरवं पाणी बघून कोणीतरी फॅक्टरीने केमिकल सोडलं म्हणून तक्रार ठोकेल.